हाय-एंड स्लायडिंग पॅनल सॉ निवडताना: कटलिस्टपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

पॅनल सॉ, म्हणजे प्लाय-एमडीएफच्या शीट कापायची करवत, विकायला आलेला माणूस मोटरच्या एचपीपासून सुरुवात करतो आणि टचस्क्रीनवर येऊन थांबतो. घेणाऱ्यानं दुसरंच टोक धरावं. बोर्ड ज्या टेबलावर सरकतो ते टेबल किती सरळ जातं? आज लावलेला गुण्या सहा महिन्यांनी तसाच सापडतो का? महागड्या यंत्राचे जास्तीचे पैसे मुख्यतः या दोन गोष्टींसाठी मोजायचे असतात. मोटर बहुतेकांची चांगलीच असते.

हा लेख मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, ऑफिस फर्निचर करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यासाठी आहे. एमआयडीसीत गाळा आहे, एजबँडर (बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र) आधीच आलाय, सध्याच्या साध्या पॅनल सॉवर कापलेला प्रत्येक तुकडा कुणीतरी पुन्हा 'साफ' करतंय, आणि आता युरोपीय दर्जाचं यंत्र घ्यायचा विचार चाललाय, अशी परिस्थिती मी गृहीत धरतो.

पायरी १: कॅटलॉग नंतर, आधी जुनी कामं

मागच्या तीन महिन्यांच्या कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या मापांच्या याद्या, काढा आणि चार गोष्टी लिहून काढा. दिवसाला सरासरी किती शीट कापली, कोणत्या मापाची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असलेला माल किती आणि ४५ अंशांचे मायटर (तिरके) कट किती. घन लाकूड कापत असाल तर त्याची जास्तीत जास्त जाडीही लिहा.

यातून पहिला निर्णय होतो: तुम्हाला स्लायडिंग पॅनल सॉ (स्लायडर) हवाय की बीम सॉ, ज्यात शीट जागेवर राहते आणि करवत सरकते? रोज तीस-चाळीस शीट एकाच मापात, एकावर एक रचून कापायच्या असतील तर बीम सॉच बघा. स्लायडर कितीही भारी घेतलात तरी माणूस शीट उचलून दमणारच. १८ मिमी एमडीएफची ८ बाय ४ फुटांची शीट साधारण ४० किलोची असते, आणि २८०० बाय २०७० मिमीचा प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड ७० किलोच्या आसपास जातो. पण काम मिश्र असेल, म्हणजे सकाळी किचनचे कारकस (कपाटांचे सांगाडे), दुपारी व्हिनिअरच्या पेटीचे मायटर, संध्याकाळी सागवानाची चौकट, तर स्लायडरला पर्याय नाही. गाळा अगदीच अरुंद असेल तर भिंतीलगत उभा राहणारा व्हर्टिकल पॅनल सॉ जागा वाचवतो, मात्र त्यावर ब्लेड तिरकं करून मायटर काढायची सोय नसते. मायटर हवे असतील तर तो विषय तिथंच संपतो.

पायरी २: फरशीवर खडूनं आखा

टेबलाची लांबी कटलिस्टवरून ठरते. फक्त ८ बाय ४ चा माल असेल तर २६०० मिमीचं टेबल चालतं. २८०० मिमीचे बोर्ड किंवा छतापर्यंतची वॉर्डरोबची दारं असतील तर ३२०० मिमी घ्या. बहुतेकांनी तेच घ्यावं, कारण पुढे टेबल वाढवता येत नाही. उजव्या बाजूची रिपिंगची (लांबीत चिरण्याची) रुंदी १३०० मिमीच्या आसपास असली की ८ बाय ४ ची अख्खी रुंदी, म्हणजे १२२० मिमी, त्यात बसते.

जागेचा हिशोब इथं चुकतो. ३.२ मीटरचं टेबल कट सुरू होताना पूर्ण मागं असतं आणि संपताना पूर्ण पुढं गेलेलं असतं. म्हणजे लांबीत साधारण ७ मीटर टेबलाच्या येण्याजाण्याला, आणि कापणाऱ्याला उभं राहायला मागं आणखी किमान पाऊण-एक मीटर. रुंदीत डावीकडे क्रॉसकट फेन्स (आडव्या कटासाठी बोर्ड टेकवायची पट्टी) पूर्ण बाहेर काढल्यावर तीन मीटरच्या वर जातो, उजवीकडे रिपिंगचं टेबल असतं, शिवाय तुकडे ठेवायची ट्रॉली. पाच-साडेपाच मीटर धरा. हे सगळं खडूनं फरशीवर आखा आणि ८ बाय ४ ची एक शीट दोघांनी उचलून त्या आखणीत फिरवून बघा. मधोमध खांब येत असेल तर तो आत्ताच दिसेल.

जमीन काँक्रीटची आणि सपाट हवी. शहाबादी फरशीवर यंत्र ठेवू नका. फरशी खालून पोकळ असली की लेव्हल हळूहळू हलते आणि त्याबरोबर टेबलही. यंत्र एक टनाच्या आसपास किंवा त्याहून जड असतं, तेव्हा गाळ्याच्या दारातून ते आत कसं येणार, हायड्रा क्रेन कुठपर्यंत येऊ शकते, तिथून पुढं ढकलायला पॅलेट ट्रक आहे का, हेही याच पायरीला बघून ठेवा.

पायरी ३: सरकतं टेबल, म्हणजे खरं यंत्र

स्लायडरची कल्पना विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांची, १९०६ सालची, बर्लिनमधली. पुढे त्यांची कंपनी मिंडेनला गेली. तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे: करवत जागेवर, लाकूड टेबलासकट सरकतं. फरक पडतो तो टेबल कशावर सरकतं याचा. काही कंपन्या कडक केलेल्या पोलादी पट्ट्यांवर रोलर वापरतात, काही गोल पोलादी दांड्यांमध्ये बॉल बेअरिंगची माळ. दोन्ही पद्धती चांगल्या चालतात. बघायचं असतं ते हे की ज्यावर रोलर धावतो तो मार्ग कडक पोलादाचा आहे की ॲल्युमिनियमच्याच खोबणीत धावतोय. दुसरा प्रकार पहिल्या वर्षी लोण्यासारखा चालतो, पण भुसा आणि लॅमिनेटची कच आत गेली की खोबण झिजते आणि टेबल मध्येच हलकं 'नाचतं'. मार्ग साफ करणारे ब्रश किंवा वायपर आहेत का, तेही वाकून बघा.

टेबल पूर्ण बाहेर ओढा, टोकाला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन) लावा आणि हातानं दाबून बघा. मग बाजूचं आऊटरिगर टेबल जोडून त्यावर तुमच्या सगळ्यात जड दोन शीट ठेवा आणि परत बघा. काटा थोडा हलणार. भार काढल्यावर तो मूळ जागी येतो का, यावर लक्ष ठेवा.

इथंच नावांबद्दल थोडं सांगतो. आल्टेनडॉर्फ (एफ ४५), बव्हेरियातल्या ओटोबॉयरेनची मार्टिन, ऑस्ट्रियाच्या टिरोलमधला फेल्डर ग्रुप आणि इटलीतल्या रिमिनीची एससीएम, ही या वर्गातली मुख्य नावं. पण नाव बघून थांबू नका. एकाच घराण्यात वेगवेगळे दर्जे असतात. आल्टेनडॉर्फची डब्ल्यूए मालिका आणि एफ ४५ ही एक यंत्रं नव्हेत. फेल्डर ग्रुपमध्ये हॅमर, फेल्डर आणि फॉर्मॅट-४ अशा चढत्या पायऱ्या आहेत. एससीएमचं मिनीमॅक्स वेगळं आणि ल'इन्विन्सिबिले वेगळं. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना दोन्ही एकाच पायरीची आहेत ना, एवढं आधी तपासा. 'त्यांचं इतकं स्वस्त कसं' याचं उत्तर बऱ्याचदा तिथंच मिळतं.

पायरी ४: स्कोअरिंग

लॅमिनेटच्या कामात इथला हिशोब चुकला की बाकी सगळं वाया जातं, म्हणून जरा सावकाश वाचा.

मुख्य ब्लेडचे दाते पुढच्या बाजूनं बोर्डात वरून शिरतात आणि खालून बाहेर पडतात. बाहेर पडताना खालच्या लॅमिनेटच्या चिप्पी उडवतात. त्यासाठी पुढे १२० मिमीच्या आसपास व्यासाचं छोटं स्कोअरिंग ब्लेड असतं. ते उलट्या दिशेनं फिरतं आणि खालून एक-दोन मिमी खोल खाच आधीच पाडून ठेवतं. ही खाच मुख्य ब्लेडच्या कटापेक्षा जेमतेम ०.१ मिमी रुंद हवी आणि दोन्ही बाजूंना सारखी हवी. अरुंद पडली तर चिप्पी उडतेच. रुंद झाली किंवा एका बाजूला सरकली तर बोर्डाच्या कडेवर बारीक पायरी तयार होते. डोळ्याला ती दिसत नाही, नख फिरवलं की लागते. एजबँड चिकटल्यावर त्याच जागी गोंदाची काळी रेघ उमटते आणि मग दोष एजबँडरवर जातो.

आपल्याकडे बहुतेक ब्लेडची कटाची जाडी ३.२ मिमी असते, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत जवळपास एक सूत. पण ब्लेडला बाजूनं धार लावली की ही जाडी किंचित कमी होते आणि स्कोअरिंग पुन्हा जुळवावं लागतं. जुळवायच्या तीन पद्धती आहेत. दोन तुकड्यांचं स्प्लिट ब्लेड, ज्यात शिम (पातळ चकत्या) घालून रुंदी बदलतात: स्वस्त, पण दर वेळी खोलून बसा. शंकूच्या दातांचं ब्लेड, जे वर-खाली केलं की रुंदी बदलते: सोपं, पण बोर्ड जरा वाकडा असेल तर खाच जागोजागी कमीजास्त होते. तिसरी पद्धत वरच्या वर्गातली, रुंदी, उंची आणि डावं-उजवं सगळं बाहेरून, काही यंत्रांत तर ब्लेड फिरत असतानाच बदलता येतं. पैसे टाकायचे झाले तर माझ्या मते टचस्क्रीनच्या आधी इथं टाका.

एक अपवाद आहे. तुमच्या एजबँडरला प्री-मिलिंग असेल तर तो पट्टी लावण्याआधी कडेवरून साधारण १ मिमी माल काढून टाकतो. स्कोअरिंगची बारीक पायरी त्यात निघून जाते. सगळा माल प्री-मिलिंगमधून जाणार असेल तर साधं स्कोअरिंगही भागवतं. फक्त कटलिस्टमध्ये तेवढं माप वाढवायला विसरू नका, नाहीतर शटर दोन-दोन मिमी आखूड निघतील.

पायरी ५: मोटर, ब्लेड, वेग

बोर्डाच्या कामाला ५.५ किलोवॅट, म्हणजे साडेसात एचपी पुष्कळ झाली. शंभर मिमी जाड सागवान चिरायचं असेल आणि ४५० ते ५५० मिमीचं ब्लेड लावायचं असेल तरच त्याहून मोठी मोटर मागा.

वेग मात्र बदलता यायला हवा. ब्लेडच्या टोकाचा वेग बोर्डासाठी सेकंदाला साधारण ६० ते ८० मीटर असावा. हिशोब सोपा आहे: व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम, भागिले ६०. ३०० मिमीचं ब्लेड ५००० आरपीएमवर सेकंदाला ७८ मीटर देतं, ठीक आहे. तेच ५००० ठेवून ४५० मिमीचं ब्लेड चढवलं तर ११८ मीटर होतात, आणि ते धोक्याचं आहे. प्रत्येक ब्लेडवर कमाल आरपीएम कोरलेला असतो. यंत्राचा वेग त्याच्या वर कधीही नको. तीन वेगांचा पट्टा किंवा वेग सलग बदलणारा ड्राइव्ह, दोन्ही चालतात.

दोन्ही बाजूंच्या लॅमिनेटसाठी ३०० मिमी, ९६ दात्यांचं, सपाट-समलंब दात्यांचं ब्लेड ठेवा. प्लायसाठी आलटून-पालटून तिरके दाते असलेलं वेगळं. एकच ब्लेड सगळ्याला वापरायचं असेल तर हे यंत्र घेऊ नका, पैसे वाचवा.

पायरी ६: इलेक्ट्रॉनिक्स किती?

चार गोष्टी मोटरवर चालू शकतात: ब्लेडची उंची, ब्लेडचा कोन, रिप फेन्स आणि क्रॉसकट फेन्सचे स्टॉप. पहिल्या तीन घ्या. कारण असं की ब्लेड तिरकं केलं की रिप फेन्सचं माप बदलतं, स्कोअरिंगची जागाही बदलते. कंट्रोल हे आपोआप जुळवत असेल तर मायटरचा पहिलाच तुकडा मापात येतो. नसेल तर कारागीर दोन तुकडे वाया घालवून माप शोधतो, आणि व्हिनिअरच्या शीटचा भाव तुम्हाला माहीतच आहे. क्रॉसकट फेन्सला डिजिटल डिस्प्ले पुरतो. डोळा आणि पट्टी यांच्यातली चूक टळली की काम झालं.

ब्लेड दोन्ही बाजूंना झुकणारी यंत्रंही मिळतात. मायटरचं काम रोजचं असेल तर त्यांनी शीट उलटवण्याचा त्रास वाचतो. महिन्यातून दोनदा लागणार असेल तर सोडून द्या.

पायरी ७: भुसा आणि वीज

बऱ्याच यंत्रांना खाली १२० मिमीचा आणि वरच्या हुडला (ब्लेडवरच्या झाकणाला) ८० मिमीचा पाइप लागतो. भुसा पाइपात बसू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला २० मीटर धरतात. त्या हिशोबानं खालच्या पाइपला ताशी ८१४ आणि वरच्याला ३६२ घनमीटर, एकूण जवळपास ११८० घनमीटर हवा लागते, म्हणजे सुमारे ७०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). भुसा ओढणाऱ्या कलेक्टरच्या पाटीवर लिहिलेला आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. पाइप लांब असेल, वाकणं जास्त असतील तर दीडपट क्षमतेचा घ्या. वरचा पाइप 'मध्ये येतो' म्हणून काढून ठेवतात आणि एमडीएफची सगळी पूड कारागिराच्या नाकात जाते. तो काढू देऊ नका.

महावितरणचा मंजूर भार आत्ताच तपासा. पॅनल सॉ, कलेक्टर, एजबँडर आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालणार आहेत. भार वाढवायचा अर्ज यंत्र येण्याच्या आधी करा. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं यंत्र असेल तर सर्वो स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग घ्या. संध्याकाळी एमआयडीसीतलं व्होल्टेज कसं वागतं हे सांगायला नको.

पायरी ८: बोटं

किमान एवढं तर हवंच: रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पात) ब्लेडच्या मागं ३ ते ८ मिमी अंतरावर, हुड जागेवर, आणि बटण दाबल्यावर ब्लेड दहा सेकंदांत थांबवणारा ब्रेक. याच्या पुढची तंत्रं आता विकत मिळतात. आल्टेनडॉर्फचं हँड गार्ड कॅमेऱ्यांनी हात ओळखतं आणि ब्लेड टेबलाखाली ओढून घेतं. फेल्डरचं पीसीएस हात ब्लेडजवळ येताच तेच करतं. दोन्हींत ब्लेड खराब होत नाही, त्यामुळे कारागीर ते बंद करून ठेवायला बघत नाही. बजेटमध्ये बसत असेल तर चौथ्या मोटरवाल्या अक्षाऐवजी हे घ्या. नवीन पोरं कामावर असतील तर नक्कीच.

पायरी ९: आपल्या बोर्डावर चाचणी

शोरूममध्ये किंवा बंगळुरूच्या इंडियावूडसारख्या प्रदर्शनात जाताना आपलीच शीट, आपला व्हर्निअर आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन जा. त्यांनी ठेवलेला बोर्ड त्यांच्या यंत्रावर चांगलाच कापला जाणार.

पहिली चाचणी सरळपणाची. २४०० मिमी लांबीचे दोन तुकडे टेबलावरून कापा. एक तुकडा टोक बदलून फिरवा आणि कापलेल्या कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धरा. टेबल वाकडं चालत असेल तर चूक दुप्पट होऊन फटीत दिसते.

दुसरी पाच कटांची. साधारण १ मीटरचा चौरस घ्या आणि क्रॉसकट फेन्सला लावून एक बाजू कापा. आता कापलेली बाजू फेन्सला लावून पुढची कापा, असं चारही बाजूंनी. पाचव्या कटात पहिल्याच बाजूची साधारण २० मिमीची पट्टी काढा. पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना मोजा. समजा एका टोकाला २०.४२ आणि दुसऱ्याला २०.१० मिमी आली. फरक ०.३२, भागिले ४, म्हणजे मीटरमागे ०.०८ मिमी. चार कटांची चूक साठत गेलेली असते, म्हणून चारानं भागायचं. मीटरमागे ०.१ मिमीच्या आत आली तर पास.

खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे. विक्रेत्याला क्रॉसकट फेन्स पूर्ण काढायला सांगा, ४५ अंशांवर लावून एक कट घ्यायला सांगा, परत ९० वर आणायला सांगा आणि काहीही न जुळवता पाच कट पुन्हा घ्या. पहिला आकडा जुळवून आणता येतो, दुसरा येत नाही. दुसऱ्या आकड्यावर यंत्र निवडा.

शेवटी दोन्ही बाजूंनी गडद लॅमिनेट असलेली शीट कापा आणि खालच्या कडेवरून नख फिरवा.

पायरी १०: कोटेशन, सर्व्हिस, पैसे

भाव एक्स-वर्क्स, म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या दारातला, आहे की तुमच्या दारात, हे पहिल्या ओळीत लिहून घ्या. जहाजभाडं, कस्टम ड्युटी, न्हावा शेव्यापासूनची वाहतूक, उतरवणं आणि जोडणी यांत आकडा बराच फुगतो. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळत असलं तरी तेवढा पैसा आधी हातात लागतो.

सर्व्हिस इंजिनिअर कोणत्या शहरात बसतो आणि बोलावल्यावर किती दिवसांत येतो, ते विचारा. त्याच कंपनीची यंत्रं चालवणाऱ्या दोन कारखान्यांचे नंबर मागा आणि मालकाशी नको, यंत्रावर उभ्या असणाऱ्या माणसाशी बोला. पट्टे, स्कोअरिंगचं ब्लेड, रोलर, लिमिट स्विच यांचा एक संच यंत्राबरोबरच मागवा. जुनं युरोपीय यंत्र घेत असाल तर स्पिंडलचं बेअरिंग आणि टेबलाचा मार्ग तर बघाच, पण कंट्रोल कार्ड अजून मिळतं का हे आधी विचारा. लोखंड तीस वर्षं टिकतं, कार्ड टिकत नाही.

कोकणात किंवा मुंबईत कारखाना असेल तर ओतीव लोखंडाच्या टेबलाला पावसाळ्यात दर आठवड्याला मेण लावायची सवय कारागिराला पहिल्या दिवसापासून लावा. सिलिकॉनचा स्प्रे वापरू देऊ नका. तो बोर्डाला लागतो आणि पुढे पॉलिश फाटतं.

शेवटचे दहा टक्के जोडणीनंतरच द्यायचे, असं परचेस ऑर्डरमध्ये घाला. अट नेमकी लिहा: तुमच्या गाळ्यात, तुमच्या शीटवर, फेन्स काढून परत लावल्यावर पाच कटांची चूक मीटरमागे ०.१ मिमीच्या आत. 'समाधानकारक काम' असं मोघम लिहिलंत तर त्याचा अर्थ विक्रेता ठरवेल.